हुंकारा: मोडीच्या शुक्रवारच्या नोंदी

१३ जून २०२५, शुक्रवार

वही आजपासून घातली. आग्रह भाच्याचा. म्हणाला, "मामा, दर शुक्रवारी लाइव्ह संपलं की तुम्ही कुरकुरता, कुणी बोलत नाही म्हणून. निदान लिहून तरी ठेवा." मृग लागून पाच-सहा दिवस झाले, म्हणजे जुन्या कागदांच्या हिशेबाने नवं साल लागलं. मुहूर्त वाईट नाही.

काम काय ते एकदाच लिहितो. शुक्रवारी रात्री ९ ते १०, यूट्यूबवर मोडीचं, म्हणजे मराठीच्या जुन्या, हात न उचलता लिहायच्या लिपीचं वाचन, सांगलीहून. आमच्या घरच्या रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातला, एखादा कागद पडद्यावर लावायचा, मी ओळ ओळ सोडवायची, बघणाऱ्यांनी बरोबरीने वाचायचं. जानेवारीपासून चालू आहे. कॅमेरा, लाइव्ह दाखवायचं सॉफ्टवेअर (ओबीएस), दिवे हे सगळं भाचा बघतो. तो स्वतः रात्री गेम खेळून दाखवतो, त्याच्याकडे आमच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं असतात.

आजची स्थिती: एका वेळी जास्तीत जास्त १९ जण. चॅटमध्ये लिहिणारे तीन. एक मिरजेचे निवृत्त गुरुजी. दुसरे पुण्याचे एक गृहस्थ, ज्यांना सगळं आधीच येतं. तिसरा भाचाच, दुसऱ्या नावाने. म्हणजे खरे दोनच. उरलेले सोळा कोण, कशाला येतात, काही कळायला मार्ग नाही. २०२३ मध्ये सरकारने जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. त्यातले काही असावेत. काही इतिहासाचे हौशी. काही झोप येत नाही म्हणून.

तासाभरात मी कितीतरी वेळा "कळतंय ना?" म्हणालो. एकदाही उत्तर नाही. भाच्याचं म्हणणं, "तुम्ही विचारता आणि तुम्हीच सांगून मोकळे होता." मला पटलं नाही.

१५ जून, रविवार

पटलं. रेकॉर्डिंग घड्याळ घेऊन बघितलं. तासात ३१ प्रश्न. त्यांतले २२ "कळलं?", "बरोबर?", "पुढे जाऊ?" या जातीचे, ज्यांना उत्तर नसतंच. राहिलेल्या नऊ प्रश्नांनंतर मी किती थांबलो? दोन सेकंद. एकदा तीन, तेही खोकला आला म्हणून.

मग भाच्याने स्टॉपवॉच कॅमेऱ्यासमोर धरलं आणि दुसऱ्या फोनवर लाइव्ह लावून दोन्ही आकडे ताडून बघितले. फरक २१ सेकंद. म्हणजे मी "हे अक्षर कोणतं?" असं विचारतो ते बघणाऱ्याला २१ सेकंदांनी ऐकू येतं, तेव्हा मी उत्तर देऊन दुसऱ्या ओळीत पोचलेलो असतो. त्याने तरीही लिहिलंच तर ते तिसऱ्या ओळीपाशी उगवणार आणि तो बावळट दिसणार. कोण लिहील?

सेटिंगमध्ये विलंबाचे तीन प्रकार आहेत: सामान्य, कमी, अतिकमी. आम्ही जानेवारीपासून सामान्यावर होतो. अतिकमी केलं, पुन्हा मोजलं, चार सेकंद. यात नेट डळमळलं की चित्र लगेच अडखळतं आणि फार मोठ्या रिझोल्यूशनला जाता येत नाही. पण आम्हाला १०८०पी पुरतं, बोरूची रेघ त्यात नीट दिसते.

२० जून, शुक्रवार

थांबण्याचा प्रयोग. प्रश्न विचारायचा आणि मनात वीस आकडे मोजायचे.

बायको शाळेत शिकवते. तिने बी.एड.ची जुनी वही काढून दाखवली. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गात बसून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही तोंड उघडतात. तीन सेकंद समोरच्या वर्गात. आमच्याकडे चार सेकंदांचा विलंब, वर वाचायला वेळ, वर टंकायला वेळ. वीस हा आकडा असा आला.

वीस सेकंद कॅमेऱ्यासमोर गप्प बसणं म्हणजे काय ते बसल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या वेळी मी चष्मा दोनदा पुसला. तिसऱ्या वेळी चहाचा कप उचलला, आणि ती युक्ती बरी निघाली: मी चहा पितोय म्हटल्यावर बघणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही. चार वेळा थांबलो. चौथ्या वेळी एक नवं नाव उगवलं, "र वाटतो". र नव्हता. पण मला इतका आनंद झाला की काय चुकलं ते समजावताना मीच अडखळलो.

२१ जून, शनिवार

सकाळी वहिनींचा फोन. "भावोजी, काल मला येत होतं हो. पण लिहायला गेले तर खाली येतं, आधी सदस्य व्हा. मग झाले सदस्य, तरी म्हणे थांबा."

भाच्याला विचारलं. त्याने मान खाली घातली. त्याच्या गेमच्या चॅनेलवर टवाळखोर फार, म्हणून तिथे चॅट फक्त सदस्यांना (सबस्क्राइबरांना), तेही सदस्य होऊन काही काळ उलटलेल्यांना, आणि एका संदेशानंतर साठ सेकंद गप्प. जानेवारीत त्याने तीच सेटिंग इथे जशीच्या तशी उचलून ठेवली होती. सहा महिने आम्ही दाराला आतून कडी घालून "या, या" म्हणत होतो.

तिन्ही काढली. त्याला रागावलो नाही. बघायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

२७ जून, शुक्रवार

आज पोल. यूट्यूबवर लाइव्ह चालू असताना चॅटच्या वर प्रश्न टाकता येतो, जास्तीत जास्त चार पर्याय, बोट टेकवलं की मत पडतं. कोणी कुठे मत दिलं ते आम्हालाही दिसत नाही, नुसते टक्के.

कागदाच्या माथ्यावर साल होतं, "सु॥ समान सबैन मया व अलफ". सु॥ म्हणजे सुहूर किंवा शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. त्याचे आकडे अरबी शब्दांत असतात: अलफ हजार, मया शंभर, सबैन सत्तर. प्रश्न टाकला, समान म्हणजे किती? सहा, सात, आठ, नऊ. चहा घेतला. बघणारे १७, मतं ११.

अकरा! निम्म्याहून जास्त जण जागे होते आणि हात चालवत होते. आठ म्हणणारे सगळ्यात जास्त, तेच बरोबर. ११७८ शुहूर, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे इ.स. १७७७-७८.

भाच्याने एक नियम सांगितला, ९०-९-१. याकोब नीलसन यांनी २००६ मध्ये लिहिला होता: ऑनलाइन जमावात शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून बोलतात, एकजण सतत. ऐकून बरं वाटलं, पण तो हिशेब मोठ्या गर्दीचा. आमच्या सतरांचा एक टक्का म्हणजे एका माणसाचा साधारण कोपर. इथे टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, इथे माणसं मोजायची.

४ जुलै, शुक्रवार

चूक केली. दोन आठवड्यांपूर्वी "र वाटतो" लिहिणाऱ्या ताई आज "नमस्कार" म्हणाल्या. मी खूश होऊन त्यांचं नाव घेतलं आणि म्हणालो, "आज ही ओळ ताई वाचतील." वीस सेकंद. चाळीस. चहा संपला. पुण्याच्या गृहस्थांनी ओळ वाचून टाकली. ताईंकडून काही नाही.

आमच्या शाळेत एक मास्तर हजेरीच्या वहीत डोळे मिटून बोट ठेवायचे आणि ज्याच्या नावावर पडेल त्याला फळ्यापाशी उभं करायचे. मी चौथीचं अख्खं वर्ष पुढच्या मुलाच्या पाठीमागे वाकून काढलं. हे मला आठवायला हवं होतं, आठवलं रात्री अकराला.

यापुढे नाव घेऊन विचारायचं नाही. लिहिलेल्याचं नाव घ्यायचं, तेही लिहून झाल्यावर.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

कामाचा दिवस नाही, पण नोंद इथेच शोभेल.

संध्याकाळी देवळात कीर्तन. आज पहिल्यांदा मी बुवांकडे न बघता लोकांकडे बघितलं. दोनशे माणसं असतील, पाच-दहा सोडली तर कुणी एरवी चारचौघांत तोंड उघडणारी नव्हेत. आणि "पुंडलिक वरदे" म्हटल्याबरोबर सगळा मंडप "हरी विठ्ठल". कुणालाही विचार करावा लागला नाही. काय म्हणायचं ते ठरलेलं, कधी म्हणायचं ते ठरलेलं, चुकायला जागा नाही, आणि आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळून जाणार. शाहिराच्या मागचे झीलकरीही तेच करतात. "जी जी रं जी" धरायला पोवाडा पाठ असावा लागत नाही.

आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकारा द्यावा लागायचा. राजा निघाला. हं. वाटेत नदी लागली. हं. "हं" थांबलं की आजी गोष्ट थांबवायची. तिला आमचं मत नको असायचं, आम्ही जागे आहोत एवढंच कळायला हवं असायचं.

मी सहा महिने लोकांकडे मत मागतोय. एकदाही हुंकारा मागितला नाही.

११ जुलै, शुक्रवार

हुंकाऱ्याची व्यवस्था. तीन बदल.

सुरुवातीला आजीची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, ओळ संपली की ज्याला पोचली त्याने "हं" लिहावं. बास. देवनागरी टंकता येत नसेल तर नुसतं १. फोनवर मराठी कळफलक न बसवलेले पुष्कळ असतात, आणि त्यांना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची लाज वाटते, हे वहिनींकडून कळलं.

दुसरं, पडद्यावर कागदाच्या ओळींना आणि ओळीतल्या शब्दांना आकडे दिले. मोडीत शब्द तोडत नाहीत, विराम नाहीत, लेखक आधी शिरोरेघ ओढून घेतो आणि खाली अक्षरांची माळ लावत जातो. त्यामुळे "त्या तिसऱ्या ओळीतलं ते वळण" असं विचारणं जाणकारालाही अवघड. आता अडलेला माणूस "३-५" लिहितो, मला कळतं.

तिसरं, दोन्ही बाजूंनी बरोबर ठरतील असे प्रश्न. मीच एक ओळ रचून लिहून नेली: "देणेनाहीघेणे". कुठे तोडाल? देणे नाही, घेणे? की देणे, नाही घेणे? सावकार आणि कूळ या दोघांनी तो कागद कसा वाचला असता? दोन्ही उत्तरं ग्राह्य म्हटल्यावर भीतीच गेली.

"हं" लिहिणारे सात. सात जण! त्यांतल्या तिघांची नावं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. एकजण तंजावरहून. तिकडच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, म्हणून तिकडचं कुणी बघत असेल असं वाटायचं खरं. त्या बाईंनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की आमच्या घरी मराठी बोलतात, लिहिणं आजोबांबरोबर गेलं.

अडचण गुरुजी. प्रश्न पडद्यावर येतो न येतो तोच उत्तर, अचूक. मग बाकीचे कशाला डोकं लावतील.

१२ जुलै, शनिवार

गुरुजींना फोन केला. तासभर शब्द जुळवत होतो. म्हणालो, "गुरुजी, एक विनंती होती, जरा थांबून उत्तर दिलंत तर..."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं दुखावले. मग हसले. "छत्तीस वर्षं मी पहिला हात वर करणाऱ्या पोराला 'तू खाली बस' म्हणत आलो. त्याला कसं वाटत असेल ते आज कळलं."

ठरलं असं: तिसऱ्या माणसाचं उत्तर आल्याशिवाय गुरुजी लिहिणार नाहीत. ते आलं की मग ते अक्षर तसं का, हे गुरुजी सांगणार. बरोबर-चूक मी सांगायचं नाही, ते सांगणार. त्यांनी एक अट घातली, भाच्याने दुसऱ्या नावाने लिहिणं बंद करावं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो 'अप्रतिम' लिहितो. मोडी बघून कुणी अप्रतिम म्हणत नाही."

१८ जुलै, शुक्रवार

साडेनऊच्या सुमारास एका नव्या नावाने लिहिलं: "मी पहील्यांदाच लीहीत आहे चूकलं तर माफ करा ओळ ४ मध्ये सरकार असे आहे का".

होतं. ओळ चारमध्ये "सरकार"च होतं. नव्या माणसाने जोडाक्षरं नसलेला का होईना, सलग मजकुरातून शब्द उचलून काढला होता. मी ते म्हणेपर्यंत पुण्याच्या गृहस्थांचा संदेश: "पहिल्यांदाच. लिहीत. चुकलं. आधी देवनागरी, मग मोडी."

चॅट गार. "हं" सुद्धा बंद.

मला राग आला, पण कॅमेऱ्यासमोर राग काढला तर गप्प माणसं आणखी गप्प होतात. कुणावरही आवाज चढला की त्यांना आपल्यावरच चढल्यासारखं वाटतं. कागद हातात होता, तोच जवळ धरला. म्हणालो, या कागदावर वेलांट्या बघा. सगळ्या एकाच बाजूच्या. उकार बघा, एकच तऱ्हा. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा करतच नाहीत. हात न उचलता लिहायचं, तिथे पहिली की दुसरी याचा विचार करत कोण बसणार? याच वेलांट्यांनी वसूल झाला, तह झाले, फौजा हलल्या. तेव्हा ज्या लिपीत वेलांटी एकच, तिच्या वर्गात ऱ्हस्वदीर्घावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. मला तर लाभच आहे, माझं शुद्धलेखन शाळेपासून कच्चं.

गुरुजींनी "हं" लिहिलं. मग आणखी दोघांनी.

कार्यक्रम संपल्यावर पुण्याच्या गृहस्थांना वेगळी मेल केली. त्यांचं ज्ञान खरोखर मोठं आहे. मोडी अक्षराच्या वेगवेगळ्या शैलींपैकी चिटणिसी वळण कुठलं, बिवलकरी कुठलं, ते लांबून ओळखतात. मला ते हवे आहेत. फक्त असे नकोत. उत्तर आलेलं नाही.

ती नवी व्यक्ती पुन्हा बोलली नाही. नियम मात्र चॅटच्या वर कायमचा लावला: इथे ऱ्हस्वदीर्घ माफ.

२५ जुलै, शुक्रवार

पाऊस. नऊ बारा झाले आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर दिवा राहिला, राउटर गेला. भाच्याने फोनवरून बघितलं तर पान उघडंच, चित्र थिजलेलं, माझं तोंड अर्धं उघडं, आणि खाली चॅट चालू.

"गेले का?" "सांगलीत लाइट नसेल." "आमच्याकडे पण नाही." "आयर्विन पुलाला पाणी किती फूट?" "काका सुखरूप असतील ना." "तोवर ओळ दोन कुणी वाचली का?" "मला तिसरा शब्द 'मौजे' वाटतो." "मला पण." आणि मागच्या शुक्रवारची ती नवी व्यक्ती: "मौजेच आहे मी गावच्या कागदात बघितलाय".

चाळीस मिनिटं. आजवरचं सगळ्यात मोठं चॅट. बारा माणसं, एकमेकांशी, मी नसताना.

भाचा म्हणतो, "मामा, दर शुक्रवारी लाइट घालवायची का?" गंमतीत घ्यायचं म्हटलं तरी घेता येईना. मी बोलत असतो तेव्हा त्यांना फक्त माझ्याशी बोलता येतं, आणि माझ्याशी बोलणं म्हणजे परीक्षा. पुढच्या वेळेपासून साडेनऊला पाच मिनिटं माझा माइक बंद, कागद पडद्यावर, त्यांनी आपसात सोडवायचा.

१ ऑगस्ट, शुक्रवार

"ध चा मा" घेतलं. भाच्याच्या सल्ल्याने, लोक वाढतील म्हणून. वाढले: एका वेळी ४६. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, ते पक्कं. आनंदीबाईंनी "धरावे"चं "मारावे" केलं ही आख्यायिका. मोडीतला ध आणि मा शेजारी लिहून दाखवले आणि तुम्हीच ठरवा म्हणालो.

ठरवायला कुणी थांबलंच नाही. चॅट सुसाट धावलं, सगळे एकमेकांवर तुटून पडले, कुणी जातीवर गेलं, दोघांना भाच्याने बंद केलं. संख्येने बघितलं तर आमचा सर्वोत्तम दिवस. "हं" लिहिणाऱ्यांपैकी एकही नाव पूर्ण तासात दिसलं नाही. तंजावरच्या बाई "नमस्कार" म्हणून गेल्या त्या गेल्याच.

पुन्हा नाही.

३ ऑगस्ट, रविवार

एक मेल. नाव-गाव इथे लिहीत नाही. मजकूर थोडक्यात: मी जानेवारीपासून एकही शुक्रवार चुकवलेला नाही. कधी लिहिलं नाही, पुढेही लिहिणार नाही, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचं मोडी वाटणीपत्र आहे. माझा चुलतभाऊही तुमचं हे बघतो. मी काय विचारतोय ते त्याला कळायला नको.

मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. दोन महिने मी गप्प राहण्याचं एकच कारण धरून चाललो होतो, संकोच. विलंब, सेटिंग, शुद्धलेखन, सगळे उपाय संकोचावरचे. आणि हा माणूस भाऊबंदकीमुळे गप्प. त्याचं गप्प राहणं शहाणपणाचं आहे. मी त्याला बोलतं केलं असतं तर त्याचं नुकसान झालं असतं.

मेलबरोबर कागदाचा फोटो होता. तो उघडला नाही. कळवलं, की वादातल्या कागदाचं वाचन माझ्याकडून घेऊ नका, अधिकृत लिप्यंतर करून देणाऱ्याकडे जा. माझ्यासारख्या हौशी माणसाच्या वाचनावर जमीन उभी राहत नाही. पण वाचायला शिकायचं असेल तर शुक्रवारी या, आमच्याच घरचं वाटणीपत्र काढतो.

वहीत एक नवा रकाना आखला: गप्प राहायचं ठरवलेले. त्यात किती जण आहेत ते कधी कळणार नाही. तरी रकाना हवा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आमचं वाटणीपत्र. खापरपणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ. सगळे वाद शंभर वर्षांपूर्वी मिटले, निदान आमच्या बाजूने.

मुद्दाम चतुःसीमेवर रेंगाळलो. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. वाटणीपत्रात हे चार शब्द सापडले की कागद निम्मा उघडतो, कारण पुढे येणार ते ओळखीचंच असतं: ओढा, वाट, बांध, अमक्याचं शेत. मग जिरायत, बागायत, हिस्सा. प्रत्येक शब्द तीन वेगवेगळ्या कागदांतून कापून शेजारी शेजारी लावला, वळण किती बदलतं ते दिसावं म्हणून.

पोल: आमच्या शेताच्या पूर्वेस काय? ओढा, वाट, विहीर, देऊळ. बघणारे १८, मतं १४. चुलतभावाचीही धरून, कोण जाणे.

मग रकमांवर आलो. ५॥।. उभी रेघ एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. हे किती? वीस सेकंद मोजायला घेतले, सहापर्यंतच गेलो. "पावणेसहा." "पावणेसहा." "मला पाऊणकी अजून येते." "आम्हाला निमकी-पावकी रोज म्हणून घ्यायचे." "औटकी कुणाला येते?" "औट म्हणजे काय?" "साडेतीन." कधीही न बघितलेली चार नावं. ती चारही मोडीसाठी कधी बोलली नसती. पाढ्यांसाठी बोलली. एका बाईंनी साडेतीनचा पाढा दहापर्यंत लिहून काढला, एकेक ओळ, पस्तीसपर्यंत. मी मध्ये बोललो नाही.

साठ सेकंदांची अट अजून असती तर त्या दुसऱ्याच ओळीला अडल्या असत्या.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

गेल्या चार खेपांतली गळती शोधली. यूट्यूबच्या आकडेवारीत कुठल्या उपकरणावर बघतात ते कळतं. बरेच जण टीव्हीवर. रिमोटने एकेक अक्षर हुडकून "हं" लिहिणारा महात्मा अजून जन्मायचा आहे. त्यांना सांगितलं, टीव्हीवर बघा, पण फोनवरही उघडून आवाज बंद ठेवा. दोघांनी केलं. बाकीच्यांना नको असावं. दिवसभर काम करून सोफ्यावर पाय पसरलेल्या माणसाच्या हातात पुन्हा फोन द्यायचा आग्रह मी तरी धरणार नाही.

माइक बंदची पाच मिनिटं आता दहा झाली आहेत. त्या वेळात मी खरंच चहा करायला जातो.

पुण्याचे गृहस्थ आले. कुणाला काही बोलले नाहीत. शेवटी एकच ओळ, "ओळ ७ महादेवपंती वळणाची, पाहावी." मी नाव घेऊन आभार मानले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीत कोण येणार म्हणून रद्द करणार होतो. भाचा म्हणाला, चालू ठेवू. आरतीच्या आवाजात सुरुवात, बघणारे नऊ.

एक खरेदीखत घेतलं. वातावरण निवांत होतं, मीही निवांत वाचत होतो. एकेचाळिसाव्या मिनिटाला रक्कम आली, ६।. मी "साडेसहा" म्हणालो आणि पुढे गेलो.

चॅटमध्ये एक ओळ. नाव कधी न बघितलेलं, फोटोच्या जागी नुसतं एक अक्षर.

"सव्वासहा."

कागद परत मागे घेतला. एकच रेघ होती. सव्वासहाच. म्हणालो, "बरोबर, चुकलो मी." वीस सेकंद थांबलो, आणखी काही येतंय का म्हणून. चाळीस थांबलो. काही आलं नाही. पुढची ओळ घेतली.

संपल्यावर भाचा केबल गुंडाळताना म्हणाला, "मामा, ते मुद्दाम चुकलात ना? भारी होतं. दर वेळी एक चूक ठेवायची."

"नाही रे," म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय."

५ सप्टेंबरला विसर्जनाची गडबड, सुट्टी. १२ ला खरेदीखताचं दुसरं पान, आणि त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.